प्रिंटर सापडत नाही! – दवाखान्यातील घरगुती नेटवर्कचे निदान व चिकित्सा



ज्वर, ग्रहणी, आमवात यांची चर्चा करण्याच्या पानांवर संगणकाच्या व्याधीविषयी लिहिणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांचा दवाखाना आणि घर एकाच वास्तूत असते. खाली रुग्णतपासणी, मागे औषधांची खोली, वर बिऱ्हाड. पूर्वी या तिन्ही ठिकाणी मिळून केसपेपरांचे एक कपाट असे. आता प्रत्येक ठिकाणी एक संगणक असतो आणि सर्वांत मिळून एक प्रिंटर. हे संगणक परस्परांच्या फाईली पाहू शकावेत आणि एकाच प्रिंटरवर छापू शकावेत यासाठी जे घरगुती नेटवर्क उभारलेले असते, ते बिघडले की सकाळच्या गर्दीत वैद्याचा हात थांबतो. हा बिघाड दुरुस्त करताना आमच्या हातून जी चूक घडली, ती वैद्य म्हणून लाजिरवाणी होती. ती सांगावी आणि योग्य क्रम कोणता तेही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या घरचा रुग्ण

आमचा दवाखाना धाराशिव शहरात आहे. तेर, येडशी, बेंबळी, तुळजापूर या बाजूंचे रुग्ण येतात. तपासणीच्या खोलीतील संगणकावर सर्व रुग्णनोंदींचे फोल्डर आहे. आमच्या सूनबाईही वैद्य असून पंचकर्माचे काम त्या पाहतात. त्यांचा लॅपटॉप वरच्या मजल्यावर असतो. प्रिंटर औषधांच्या खोलीत, राउटरला वायरीने जोडलेला. ही व्यवस्था काही वर्षे निर्वेध चालली.

एका वर्षी वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि राउटर जळाला. दुसऱ्या दिवशी नवा राउटर बसला, इंटरनेट सुरू झाले, आम्ही निश्चिंत झालो. परंतु सूनबाईंच्या लॅपटॉपवर रुग्णनोंदींचे फोल्डर उघडेना आणि कोणत्याच संगणकावरून छपाई होईना. प्रिंटर समोर चालू दिसत होता, तरी संगणक त्यास ‘ऑफलाईन’ म्हणत होता.

दुरुस्तीसाठी एका तरुणास बोलावले. त्याने अर्ध्या तासात सर्व सुरू करून दिले. आम्ही समाधानाने त्यास निरोप दिला. त्याने काय केले हे विचारण्याची बुद्धी मात्र आम्हांस झाली नाही.

आठ दिवसांनी वीज जाऊन आली आणि प्रिंटर पुन्हा हरवला. त्याच सुमारास, रुग्णासमवेत आलेला एक महाविद्यालयीन विद्यार्थी तपासणीच्या खोलीत आला. मोबाईलवर प्रयोगशाळेचा अहवाल उतरवून घेता यावा म्हणून आम्हीच त्यास वायफायचा पासवर्ड दिला होता. तो संकोचाने म्हणाला, “डॉक्टरसाहेब, राग मानू नका. फाईली बघायच्या ॲपमध्ये ‘नेटवर्क’ म्हणून दाबलं, तर तुमचे सगळे पेशंट दिसायला लागले. आमच्या गावच्या एकाचं नाव दिसलं, म्हणून लगेच बंद केलं.”

त्या फोल्डरमध्ये वंध्यत्वाच्या, गुह्यरोगांच्या, मानसिक विकारांच्या नोंदी होत्या. त्या मुलाने मोबाईल बंद केला, हे त्याचे सौजन्य. आमचा बंदोबस्त त्यात काहीच नव्हता.

नंतर पाहिले तेव्हा उलगडा झाला. त्या तरुणाने फायरवॉल बंद केली होती, पासवर्डची अट काढली होती, संपूर्ण ‘सी’ ड्राइव्ह सामायिक केला होता आणि ‘एव्हरीवन’ या नावापुढे ‘फुल कंट्रोल’ अशी खूण केली होती. म्हणजे जो कोणी आमच्या वायफायवर येईल, त्याने नोंदी वाचाव्यात, बदलाव्यात, पुसूनही टाकाव्यात! एक व्याधी शमवून दुसरी निर्माण करणारा प्रयोग शुद्ध नव्हे, हे आपण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो. संगणकाच्या बाबतीत मात्र लक्षण नाहीसे झाले यावरच आम्ही संतुष्ट राहिलो होतो.

प्रकृती आधी, विकृती नंतर

निरोगी अवस्थेत हे नेटवर्क कसे चालते हे जाणल्याशिवाय बिघाड कळत नाही. राउटर हा या कुटुंबाचा कर्ता. तो प्रत्येक यंत्रास एक क्रमांक देतो, त्यास आयपी पत्ता म्हणतात, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०. हा पत्ता कायमचा नसतो, काही मुदतीसाठी दिलेला असतो. ज्या संगणकावर फोल्डर आहे तो दाता, आणि जो ते उघडू इच्छितो तो याचक. याचकाने दाराशी येऊन आपली ओळख सांगायची, दात्याने ओळख पटवून जेवढा अधिकार असेल तेवढेच दार उघडायचे. हा संवाद ज्या भाषेत चालतो तिला एसएमबी म्हणतात. या भाषेच्या जुन्या व नव्या आवृत्त्या आहेत आणि पुष्कळसे घोटाळे त्यांतूनच उद्भवतात.

यावरून बिघाडाची स्थाने पाचच राहतात: जोडणी, पत्ता, द्वार, ओळख आणि अधिकार. परीक्षा याच क्रमाने करावी. क्रम सोडून पाचवे स्थान आधी धरले की ‘सर्वांना सर्व उघडे’ हाच उपाय सुचतो.

परीक्षेचा क्रम

पहिले स्थान, जोडणी. राउटरवरील दिवे पाहावेत, वायरी हाताने दाबून पाहाव्यात. दोन्ही संगणक एकाच वायफायवर आहेत ना, हे विचारावे. वीज गेल्यावर लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घेतलेला असतो आणि वीज आल्यावर तो तेथेच राहतो. इंटरनेट चालत असल्यामुळे कोणास शंका येत नाही. परंतु त्याचे घर बदललेले असते. शेजारच्या घरातील फोल्डर त्यास कसे दिसणार?

दुसरे स्थान, पत्ता. ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. दोन्ही संगणकांच्या पत्त्यांतील पहिले तीन अंक सारखे असावेत. पत्त्याचा आरंभ १६९.२५४ ने होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही असे समजावे आणि दोष जोडणीत किंवा राउटरमध्ये शोधावा. पत्ते योग्य असल्यास ‘रन’ च्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पुढे दात्या संगणकाचा पत्ता लिहावा. पत्त्याने फोल्डर उघडते आणि नावाने उघडत नाही, असे आढळल्यास नेटवर्क निरोगी असून केवळ नावाची ओळख बिघडली आहे. अशा वेळी दात्या संगणकाच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू आहे का ते पाहावे. संगणकाचे नाव इतरांस दिसावे म्हणून पुकारा करणारी सेवा तीच.

तिसरे स्थान, द्वार. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ किंवा ‘पब्लिक’ असे दोनपैकी एक स्वरूप देते. पब्लिक म्हणजे एसटी स्टँडवरील वायफायसारखे परके ठिकाण. तेथे सामायिक फोल्डरचे दार बंद ठेवले जाते. राउटर बदलला की संगणक त्यास नवे, म्हणून परके नेटवर्क समजतो आणि स्वरूप बहुधा ‘पब्लिक’ ठरते. आमच्या फोल्डरची व्याधी नेमकी हीच होती. सेटिंग्जमधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ या विभागात घरच्या नेटवर्कचे स्वरूप ‘प्रायव्हेट’ करणे आणि ‘फाईल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू आहे ना हे पाहणे, एवढीच चिकित्सा पुरेशी होती. फायरवॉल बंद करण्याचे काहीच कारण नव्हते. फायरवॉल म्हणजे शरीराची त्वचा. काटा काढण्यासाठी कोणी त्वचा सोलून काढीत नाही.

चौथे स्थान, ओळख. येथे अनेकांची फसगत होते. आपण रोज चार अंकी पिन टाकून संगणक उघडतो आणि नेटवर्कने पासवर्ड विचारला की तोच पिन देतो. पिन त्या एका यंत्रापुरताच असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. खात्याचा मूळ पासवर्डच लागतो. सर्वांत सोयीचा मार्ग असा की, दात्या संगणकावर दवाखान्याच्या कामापुरते एक स्वतंत्र साधे खाते काढावे, त्यास चांगला पासवर्ड द्यावा आणि इतर संगणकांनी त्याच नावाने दार ठोठवावे. पासवर्ड पूर्वी बदललेला असेल आणि संगणक जुनाच पुढे करीत असेल, तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ मध्ये जाऊन जुनी नोंद काढून टाकावी.

विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून प्रो व तत्सम प्रकारांत पासवर्डशिवायचा पाहुणा म्हणून प्रवेश नाकारला जातो आणि प्रत्येक निरोपावर सही मागितली जाते. काल चालणारे फोल्डर अद्ययावत केल्यावर बंद पडले, तर बिघाड झाला असे लगेच समजू नये. दार पूर्वी उघडे होते, ते आता लागले आहे.

पाचवे स्थान, अधिकार. फोल्डरवर अधिकारांच्या दोन याद्या असतात. एक सामायिक करण्याची, दुसरी ‘सिक्युरिटी’ ची. नेटवर्कवरून येणाऱ्यास दोहोंपैकी जो अधिकार कमी असेल तोच मिळतो. म्हणून एका यादीत अनुमती देऊनही ‘ॲक्सेस डिनाईड’ असा नकार येतो. दोन्ही याद्यांत त्या एका खात्याचे नाव घालावे आणि ‘एव्हरीवन’ काढून टाकावे. संपूर्ण ड्राइव्ह कधीही सामायिक करू नये. ज्यांना केवळ वाचायचे आहे त्यांना वाचण्याचाच अधिकार द्यावा.

जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत ‘होमग्रुप’ करण्याचा सल्ला आढळतो. ती सोय विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये आली आणि विंडोज १० मधून २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. ती शोधण्यात वेळ दवडू नये.

प्रिंटरची स्वतंत्र चिकित्सा

प्रिंटर दोन प्रकारांनी सामायिक होतो. एका संगणकास यूएसबी वायरीने जोडलेला असेल, तर तो संगणक जागा असेपर्यंतच इतरांना प्रिंटर मिळतो. संगणक निद्रिस्त झाला की प्रिंटरही गेला. म्हणून त्या संगणकाची ‘स्लीप’ ची मुदत दवाखान्याच्या वेळेत बंद ठेवावी.

दुसऱ्या प्रकारात प्रिंटर थेट राउटरला जोडलेला असतो. येथे मुख्य हेतू पत्ता बदलणे हा होय. आपल्या भागात वीज जाणे-येणे नित्याचे. वीज आल्यावर राउटर, प्रिंटर, मोबाईल सर्व एकदम जागे होतात आणि पत्त्यांची वाटणी नव्याने होऊ शकते. काल जो पत्ता प्रिंटरचा होता तो आज कोणाच्या तरी मोबाईलकडे जातो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवीत राहतो आणि उत्तर न आल्यामुळे प्रिंटरला ‘ऑफलाईन’ म्हणतो. आमच्याकडे आलेल्या तरुणाने प्रिंटर काढून पुन्हा बसवला, तेव्हा त्या दिवसाचा पत्ता नोंदला गेला. पुढच्या वेळी वीज गेली, पत्ता बदलला, व्याधी परतली. तो केवळ तात्पुरता उपशय होता.

निदानपरिवर्जन असे करावे. प्रिंटरवरून त्याच्या सेटिंगचे पान छापून घ्यावे; त्यावर ‘मॅक ॲड्रेस’ या नावाने यंत्राची जन्मखूण दिलेली असते. राउटरच्या व्यवस्थापनाच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या ठिकाणी ती खूण लिहून तिच्यासाठी एक पत्ता राखून ठेवावा. मग प्रत्येक संगणकावर प्रिंटरच्या ‘पोर्ट्स’ मध्ये ‘स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट’ निवडून तोच पत्ता द्यावा. हे केल्यापासून आमचा प्रिंटर हरवलेला नाही. राउटरचा प्लगही आम्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतला. घरातील पंखे इन्व्हर्टरवर आणि राउटर मात्र थेट विजेवर, ही स्थिती आम्ही अनेक दवाखान्यांत पाहिली आहे.

प्रिंटर जोडलेला आहे, पत्ता योग्य आहे, तरी कागद निघत नाही, अशा वेळी अवरोध ‘प्रिंट स्पूलर’ मध्ये असू शकतो. छापावयाची कामे जेथे रांगेने थांबतात ते हे स्थान. एक काम अडले की मागची सर्व अडतात. ‘सर्व्हिसेस’ मध्ये जाऊन स्पूलर थांबवावा, विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ मधील ‘स्पूल’ व त्यातील ‘प्रिंटर्स’ या फोल्डरमधील अडकलेल्या फाईली काढाव्यात, मग स्पूलर पुन्हा सुरू करावा. ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर मात्र पुसू नये.

याच स्पूलरमध्ये २०२१ च्या पावसाळ्यात ‘प्रिंटनाईटमेअर’ नावाचा गंभीर दोष उघड झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील सुरक्षा-सुधारणांनंतर पुष्कळ ठिकाणी सामायिक प्रिंटर जोडताना अडचणी आल्या आणि काहींनी त्या सुधारणाच काढून टाकण्याचा सल्ला दिला. तो सल्ला अपथ्यकर होता. एक संगणक अद्ययावत आणि दुसरा जुना असताना असे प्रसंग येतात. दोन्ही अद्ययावत करणे हाच मार्ग.

एक लक्षण मात्र नेटवर्कचे नव्हे. फाईल उघडते, छापलीही जाते, पण मराठीऐवजी भलतीच अक्षरे येतात. जुन्या नोंदी श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या असतील आणि तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसेल, तर असे होते. तेथे फाँट बसवावा आणि नव्या नोंदी युनिकोडमध्ये ठेवाव्यात.

वर्ज्य चिकित्सा

जुना विंडोज एक्सपीचा संगणक किंवा फोल्डरमध्ये स्कॅन पाठवणारे जुने झेरॉक्स यंत्र नव्या संगणकाशी बोलत नाही. कारण त्यास एसएमबीची पहिलीच आवृत्ती येते आणि २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या प्रतींत ती मुळात बसवलेली नसते. ती पुन्हा सुरू करता येते, आणि अनेक जण करतातही. ती का वर्ज्य मानावी, हे पुढील दोन घटनांवरून ध्यानी येईल.

एसएमबीच्या या जुन्या आवृत्तीतील दोषावरचे औषध मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिले होते. ज्यांनी ते घेतले नाही त्यांना १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ ने गाठले. संगणकातील फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा कार्यक्रम एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप शिरत होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांना रुग्णांच्या नियोजित भेटी रद्द कराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ पसरला. त्याने याच दोषाचा आणि चोरलेल्या पासवर्डांचा उपयोग केला. आपल्या महाराष्ट्रात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणकीय काम त्यामुळे ठप्प झाले होते. संसर्ग एका यंत्रास झाला की सामायिक दारांतून तो सर्वत्र जातो. म्हणून जुने यंत्र नेटवर्कपासून विलग ठेवावे आणि त्यातील काम पेनड्राइव्हने, तपासून, आणावे. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हे ध्यानी घ्यावे.

आणखी एक गैरसमज. सामायिक फोल्डर म्हणजे नोंदींची सुरक्षित प्रत नव्हे. दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कद्वारे पुसलेली फाईल ‘रिसायकल बिन’ मध्येही सापडत नाही. आठवड्यातून एकदा सर्व नोंदी बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवाव्यात आणि ती डिस्क लगेच काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर कार्यक्रमाच्या तावडीत तितकीच सापडते.

कपाटाची किल्ली

त्या विद्यार्थ्याच्या बोलण्यानंतर आम्ही प्रथम सामायिक केलेला ‘सी’ ड्राइव्ह बंद केला, फायरवॉल सुरू केली, मग निदानास बसलो. आता रुग्णांच्या नातलगांसाठी राउटरवर स्वतंत्र ‘गेस्ट’ वायफाय आहे. तेथून इंटरनेट मिळते, दवाखान्याचे संगणक दिसत नाहीत. घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला. रुग्णनोंदींचे फोल्डर केवळ आमच्या आणि सूनबाईंच्या खात्यास उघडते. कंपाउंडरास छपाई करता येते, नोंदी दिसत नाहीत. हे सर्व करण्यास एक रविवार पुरला.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याला उपदेश करताना सांगितले आहे की, रुग्णाच्या घरात जे कळेल ते बाहेर जाऊ देऊ नये. आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, परंतु आपल्यावरचे हे बंधन त्याहून कितीतरी पुरातन आहे. जुन्या काळी केसपेपरांच्या कपाटाची किल्ली वैद्याच्या कमरेला असे. ते कपाट उघडे टाकून आपण कधी जेवावयास वर गेलो नसतो. संगणकाचे कपाट उघडे राहिले तर डोळ्यांस दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

दुरुस्तीस आलेल्या माणसाला म्हणूनच जाताना एक प्रश्न अवश्य विचारावा: “काय बंद होते, आणि तुम्ही काय उघडलेत?” त्याचे उत्तर केसपेपरासारखे लिहून ठेवावे. आम्ही तो प्रश्न विचारला असता, तर एका अनोळखी मुलाच्या सौजन्यावर आमच्या रुग्णांची लाज सोपवण्याची वेळ आली नसती.